मैदानाबाहेरचा हिशेब – १७ : तेतुआनची जोडी

परदेशी खेळाडूंच्या मर्यादेवर आज लिहीन असं गेल्या रविवारी कबूल केलं होतं. ते आज होत नाही. कारण आर्वीच्या एका वाचकाचं पत्र आलं. पत्रात मजकूर जेमतेम दोन ओळींचा : ‘मुंबई सिटीनं २०२१ चा कप जिंकला नाही, विकत घेतला. खरं की खोटं तेवढं सांगा.’ त्याच आठवड्यात इथे नालवाडीच्या टपरीवर दोन पोरांची याच मुद्द्यावर जुंपली.

“पैसा फेकला का कप येते, बापा. सोपं हाय.”

“मंग आमच्या चेल्सीचा काहून नाही आला बे?”

दुसऱ्याच्या अंगात निळी जर्सी होती, त्यामुळे त्याचं दुःख खरं होतं. चहा थंड झाला तरी वाद निवला नाही. मी मधे पडलो नाही. घरी येऊन लिहायला बसलो.

आधी निळ्या जर्सीवाल्याचं. २०२२-२३ च्या दोन विंडोंमध्ये चेल्सीने पन्नास कोटी पौंडांहून जास्त रक्कम खेळाडूंवर ओतली आणि प्रीमियर लीगमध्ये ते बाराव्या क्रमांकावर राहिले. यावर नेहमीची शंका येते : एवढा खर्च नियमात बसला कसा? उत्तर कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला ठाऊक असतं. ट्रॅक्टर घेतला म्हणून त्याची सगळी किंमत कोणी एकाच वर्षाच्या खर्चात दाखवत नाही. तो जितकी वर्षं चालेल तितक्या वर्षांवर ती वाटून दाखवतात. जमाखर्चात याला घसारा म्हणतात. खेळाडूच्या बाबतीत ही वर्षं म्हणजे कराराची वर्षं. एन्झो फर्नांडेझला बेन्फिकाकडून आणताना चेल्सीने सुमारे १० कोटी ६८ लाख पौंड मोजले आणि करार केला साडेआठ वर्षांचा. म्हणजे वर्षाला पडले साधारण सव्वा कोटी पौंड. तोच करार पाच वर्षांचा असता तर वर्षाला दोन कोटी तेरा लाखांच्या वर गेला असता. पळवाट युएफाच्याही लक्षात आली. २०२३ च्या उन्हाळ्यात त्यांनी ही वाटणी पाच वर्षांवर आणून थांबवली आणि त्याच डिसेंबरात प्रीमियर लीगनेही तेच केलं.

हे झालं वहीतलं. मैदानात मात्र घसारा उलटा चालतो. पहिल्या वर्षी नव्या खेळाडूचा उपयोग सगळ्यात कमी, कारण पास कुठे येणार हे त्याला ठाऊक नसतं आणि तो कुठे धावणार हे इतरांना. हे मला फुटबॉलच्या आधी बैलांनी शिकवलं.

आमच्या वर्धा जिल्ह्याची जात गवळाऊ : पांढरी, हलक्या अंगाची, चालीला तेज. माझ्या लहानपणी वडिलांनी एकदा बाजारातून एकटा बैल आणला, पोळ्याच्या आधी, चांगला भाव देऊन. जोडीतला एक दगावला होता म्हणून. नवा बैल देखणा होता, ताकदीचाही होता. पण त्याला जुंपायची सवय उजव्या अंगाची, आणि आमच्या घरच्यालाही उजवीचीच. डवरा धरला की कोणीतरी एक तास सोडून पऱ्हाटीवर चढायचा. नव्याला डावीकडे जुंपलं तर तो मान फिरवून उभा राहायचा. त्या हंगामात डवरणी शेजाऱ्याच्या जोडीने उरकली. दोघं एकमेकांच्या चालीला यायला पुढचं वर्ष उजाडलं. जुने शेतकरी म्हणूनच जुतलेली जोडी पाहत. तिचा भाव दोन सुट्या बैलांपेक्षा जास्त असे आणि कोणी त्यावर घासाघीस करत नसे.

आता मुंबई सिटी. २८ नोव्हेंबर २०१९ रोजी सिटी फुटबॉल ग्रुपने या क्लबाचा ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर सिटीचे मालक तेच हे. पुढच्या वर्षी संघ जवळपास नव्याने उभा राहिला आणि तिथूनच ‘विकत घेतला’ ही आरोळी उठली. सगळ्यांच्या तोंडी आकडा होता ह्यूगो बूमूसचा. एफसी गोव्याबरोबरच्या करारातली सुटकेची रक्कम त्या वेळच्या बातम्यांनुसार एक कोटी साठ लाख रुपये, ती भरून मुंबईने त्याला नेलं. आदल्या हंगामात त्याने ११ गोल केले होते आणि १० करून दिले होते. भारतात ट्रान्सफर फी म्हणून एवढी रक्कम मोजली जाणं तेव्हा नवलाचंच होतं. आपल्याकडे बहुतेक खेळाडू करार संपल्यावर मोकळे होऊन जातात, आणि खर्च असतो तो पगाराचा.

पण यादीतली बाकीची नावं पाहा. बचावात सेनेगलचा मूर्तदा फॉल, मध्यफळीत मोरोक्कोचा अहमद जाहू, डाव्या बगलेला गोव्याचा मंदार राव देसाई. तिघेही एफसी गोव्याचेच. वर प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, तोही गोव्याचाच. २०२० च्या सुरुवातीला हंगाम संपत आला असताना गोव्याने त्याला काढलं होतं. आणखी मागे जा. बूमूस, फॉल आणि जाहू हे तिघे भारतात येण्याआधी मोरोक्कोतल्या मोगरेब तेतुआन क्लबाकडून खेळलेले, आणि लोबेराही तिथे प्रशिक्षक होता. म्हणजे मुंबईने सुटे बैल घेतलेच नाहीत. तेतुआनला जुतलेली आणि गोव्यात चाललेली जोडी त्यांनी धुरकऱ्यासकट उचलली. एक कोटी साठ लाख एकट्या बूमूसचे मोजले, आणि सगळे भांडत बसले त्या आकड्यावर.

त्या हंगामात मुंबईचा एकही सामना मुंबईत झाला नाही. कोविडमुळे सगळी इंडियन सुपर लीग गोव्यातच, रिकाम्या स्टेडियमांत. उपांत्य फेरीत समोर आला तोच एफसी गोवा. पहिला सामना २-२, दुसरा गोलशून्य, मग पेनल्टीवर मुंबई ६-५. गोव्याच्या चाहत्यांना त्या रात्री काय वाटलं असेल ते सांगायला नको.

अंतिम सामना १३ मार्च २०२१, फातोर्डा. एटीके मोहन बागानचा पहिला गोल जाहूच्या चुकीवर झाला. आपल्याच अर्ध्यात त्याने चेंडू गमावला आणि डेव्हिड विल्यम्सने ठोकला. थोड्याच वेळात त्याच जाहूने मागून लांब चेंडू टाकला आणि तिरीच्या डोक्याला लागून तो मोहन बागानच्याच जाळ्यात गेला. चुकल्यावरही जाहूकडे चेंडू देणं कोणी थांबवलं नाही, हे मला त्या सामन्यात जास्त महत्त्वाचं वाटतं. नव्या संघात पहिल्या चुकीनंतर मान खाली जाते आणि सोबती दुसरीकडे पास देऊ लागतात. पुढे आपला अमेय रानवडे डोक्याला मार लागून रुग्णवाहिकेतून गेला, खेळ बराच वेळ थांबला. नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या ओगबेचेने चेंडू आत दिला आणि बिपिन सिंगने २-१ केलं. साखळीत अव्वल राहिल्याची लीग शील्ड आधीच पदरात पडली होती. त्यातही दोन्ही संघांचे गुण ४० असेच होते.

आता आर्वीकरांच्या विरुद्धचा पुरावा मांडतो. पुढच्या हंगामात लोबेरा गेला, बूमूस कोलकात्याला गेला, गोलरक्षक अमरिंदरही तिकडेच, ओगबेचे हैदराबादला. मालक तेच, पैसा तोच. संघ आला पाचवा, बाद फेरीच्या बाहेर. पैशाने कप येत असता तर त्या वर्षीही यायला हवा होता.

आणि हा माझ्या विरुद्धचा पुरावा. २०२३ मध्ये लोबेरा ओडिशाला गेला आणि फॉल-जाहू पुन्हा त्याच्यासोबत. वर्षभराने बूमूसही तिथे पोचला. लीग वा कप मात्र आला नाही. पहिल्या हंगामात उपांत्य फेरीत मोहन बागानने अडवलं. जोडी तीच होती, पण पाय म्हातारे होत चालले होते. जुतलेल्या जोडीलाही वय असतं आणि बाजारात दात मोजूनच घ्यावं लागतं. निळ्या जर्सीवाल्यासाठी याच हिशेबाची दुसरी बाजू : चेल्सीने त्यातली काही पोरं न विकता दोन-अडीच वर्षं एकत्र खेळवली आणि २०२५ च्या जुलैत पॅरिसला ३-० हरवून क्लब विश्वचषक नेला. त्या संघात एन्झो होताच.

हाच वाद आपल्या कोल्हापुरात फार जुना आहे आणि तिथे तो जास्त प्रामाणिक आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ. पेठेचा संघ पेठेच्या वर्गणीवर चालतो. हंगामाआधी नोंदणी सुरू झाली की नायजेरियाहून कोण आला, गोव्याहून कोण येतोय, यावर कट्टे पेटतात. तिथला माणूस मालकाच्या पैशावर बोलत नाही, स्वतःच्या खिशातून गेलेल्या नोटेवर बोलतो. ‘बाहेरच्यासाठी आपलं पोरगं बाकावर का?’ हा प्रश्न तो शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसून विचारतो, आणि ते पोरगं बहुतेकदा त्याच्याच गल्लीतलं असतं.

मालकाच्या पैशावर संघ उभा असला की काय होतं, तेही महाराष्ट्राने पाहिलं आहे. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. सिटी ग्रुपनेही २०२५ च्या डिसेंबरात मुंबईतला आपला हिस्सा सोडला. ज्या नालवाडीत विनोबा १९३०च्या दशकात सूत कातून त्याच्या मजुरीवर पोट भरतं का हे स्वतःवर ताडून पाहत होते, तिथे बसून मी कोटींचे आकडे लिहितो आहे याचं मला हसू येतं. पण प्रश्न तोच आहे : जे हाताने उभं केलं त्यावर गाडा चालतो का?

तर आर्वीच्या वाचकांना उत्तर : अर्धं खरं. मुंबईने २०२० मध्ये विकत घेतली ती तीन-चार वर्षांची सवय. ती बाजारात सहसा मिळत नाही. त्या वर्षी मिळाली, कारण गोव्याने आपला धुरकरी सोडून दिला होता.

परदेशी खेळाडू पुढच्या रविवारी, या वेळी नक्की. तोवर आपापल्या आवडत्या क्लबाची नवी यादी काढा, किमतीचा रकाना हाताने झाका, आणि प्रत्येक नव्या नावापुढे लिहा : हा संघातल्या कोणाबरोबर आधी खेळला आहे? रकाना रिकामा राहिला तर यंदा कपाची आशा धरू नका, आणि प्रशिक्षकाला शिव्याही देऊ नका.