मार्कंड्याचा उपवास आणि बटाट्याच्या कापांतील अन्नमूल्य

महाशिवरात्रीला वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे मोठी यात्रा भरते. गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील या स्थळी नदी उत्तरवाहिनी होते. तिच्या तीरावर मार्कंडेश्वराच्या शिल्पसमृद्ध देवालयांचा समूह उभा आहे. यात्रेस गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतून, तसेच शेजारच्या तेलंगणातूनही भाविक येतात. त्यांपैकी बहुतेकांना त्या दिवशी उपवास असतो. साबुदाण्याची उसळ (पश्चिम महाराष्ट्रात हिलाच खिचडी म्हणतात), उकडलेली किंवा निखाऱ्यात भाजलेली रताळी, शेंगदाणे आणि बटाटा हे या दिवसाचे नेहमीचे अन्न होय.

यांपैकी बटाटा हा तसा उशिरा आलेला पाहुणा आहे. पोर्तुगीजांबरोबर तो भारतात आला. गमतीची गोष्ट अशी, की ‘बटाटा’ हा शब्द ज्या ‘बटाटा’वरून आपल्याकडे आला, ते मूळ नाव कॅरिबियन बेटांवरील लोकांनी रताळ्याला दिलेले होते. पूर्व विदर्भात मात्र त्याला आलूच म्हणतात. उपवासाला बटाटा चालतो, म्हणून तळलेला बटाटाही चालतो. कीस, चिवडा, वेफर्स यांच्या पाठोपाठ आता गोठविलेले लांबट काप, म्हणजे ‘फ्रेंच फ्राईज’, शहरांतील दुकानांच्या शीतपेट्यांत आले आहेत. हे काप तेलात न तळता ओव्हनमध्ये, म्हणजे विजेच्या भट्टीत, भाजता येतात असे पाकिटावर छापलेले असते. त्यामुळे हा पदार्थ तेलविरहित आणि म्हणून निर्धोक आहे, असा समज पसरतो. हा समज कितपत खरा आहे?

मूळ कंदांचे मोल

प्रथम कच्च्या मालाकडे पाहू. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या पूर्वीच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कच्च्या बटाट्यात सुमारे ९७ उष्मांक, १.६ ग्रॅम प्रथिने, २२.६ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि १७ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. स्निग्धांश केवळ ०.१ ग्रॅम, म्हणजे नगण्य होय. रताळ्यात १२० उष्मांक, १.२ ग्रॅम प्रथिने, २८.२ ग्रॅम पिष्टमय पदार्थ आणि २४ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आढळते. कॅल्शियमच्या बाबतीत रताळे सरस आहे : बटाट्यात १० मिलिग्रॅम, तर रताळ्यात ४६. साबुदाण्यात ३५१ उष्मांक असले, तरी प्रथिने अवघी ०.२ ग्रॅम असतात. त्याच्या उसळीला जे काही पोषणमूल्य लाभते ते बव्हंशी शेंगदाण्याच्या कुटामुळे, कारण शेंगदाण्यात १०० ग्रॅममागे २५ ग्रॅम प्रथिने आहेत.

रताळ्यातून ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर मिळते, हे विधान सरसकट करता येत नाही. ते नारिंगी गराच्या रताळ्यास लागू पडते. पांढऱ्या गरात त्याचा अंश फार थोडा असतो. तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंद पिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही नारिंगी गराची जात याच हेतूने पुढे आणली आहे.

कारखान्यात काय घडते

गोठविलेले काप हे केवळ चिरून गोठविलेले बटाटे नव्हेत. त्यांच्यासाठी घनांश अधिक आणि साखर कमी असलेला लांबट बटाटा निवडावा लागतो. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेची ‘कुफरी फ्रायसोना’ ही जात अशाच कामासाठी आहे. बटाटे सोलून, चिरून गरम पाण्यातून काढले जातात. त्यामुळे पृष्ठभागावरील साखर धुऊन जाते आणि काप काळे पडत नाहीत. मात्र पाण्यात विरघळणारे ‘क’ जीवनसत्त्वही काही प्रमाणात त्याच पाण्याबरोबर निघून जाते. त्यानंतर काप सुकवून थोडा वेळ उकळत्या तेलात तळले जातात आणि मग उणे १८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तापमानाला गोठविले जातात.

सारी मेख या अर्धवट तळण्यात आहे. गृहिणी घरी तेलाचा थेंब वापरीत नाही, कारण तेल आधीच पाकिटात आलेले असते.

अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यांत भट्टीत भाजलेल्या, मीठ न लावलेल्या गोठविलेल्या कापांचे अन्नमूल्य दिले आहे. १०० ग्रॅममागे सुमारे १७२ उष्मांक, २.७ ग्रॅम प्रथिने, २८.७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ, २.६ ग्रॅम तंतुमय पदार्थ, १३ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व आणि ५.२ ग्रॅम स्निग्धांश, असे ते आहे. उपाहारगृहात कढईत तळलेल्या कापांत हेच आकडे ३१२ उष्मांक आणि १४.७ ग्रॅम स्निग्धांश असे होतात. पातळ वेफर्समध्ये तर स्निग्धांश ३५ ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे भट्टीतील कापांत तळलेल्या कापांच्या साधारण एकतृतीयांश तेल असते. ही बचत क्षुल्लक नाही. तथापि, उकडलेल्या बटाट्याच्या तुलनेत ते कित्येक पटींनी अधिकच ठरते.

प्रथिनांचा आकडा कच्च्या बटाट्यापेक्षा मोठा दिसतो, त्यावरून फसगत होऊ नये. भाजताना पाणी उडून जाते आणि उरलेले घटक तेवढ्याच वजनात दाटतात, इतकाच त्याचा अर्थ. तळताना याच पाण्याची वाफ होऊन जी पोकळी राहते, तिच्यात तेल शिरते, आणि त्यातील बराचसा भाग काप कढईबाहेर काढून थंड होत असताना शिरतो. म्हणून काप गरम असतानाच निथळून टिपून घेणे उपयोगाचे असते. काप जितका पातळ, तितका त्याचा पृष्ठभाग मोठा आणि तेलही अधिक.

मीठ आणि करपलेला रंग

मीठ लावून येणाऱ्या प्रकारांत १०० ग्रॅममागे साधारण ३०० ते ४०० मिलिग्रॅम सोडियम असते. हे पाऊण ते एक ग्रॅम मिठाइतके झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. उपवासाचे म्हणून सैंधव वापरले तरी या हिशेबात फारसा फरक पडत नाही, कारण सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच होय. काही पाकिटांतील कापांना कुरकुरीतपणासाठी तांदळाच्या किंवा गव्हाच्या पिठाचे आवरण असते. उपवास करणाऱ्याने तरी घटकांची यादी अवश्य वाचावी.

२००२ साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी असे दाखविले, की पिष्टमय पदार्थ सुमारे १२० अंशांहून अधिक तापमानात तळले वा भाजले असता त्यांत ॲक्रिलामाइड हे द्रव्य तयार होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्येच त्याची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ द्रव्यांत केली होती. उकडण्यात ते तयार होत नाही. भट्टीतील काप या दोषापासून मुक्त नसतात, म्हणून ते सोनेरी होताच बाहेर काढावेत, तपकिरी होऊ देऊ नयेत. निखाऱ्यात भाजलेल्या रताळ्याचे करपलेले सालही काढून टाकणेच बरे.

शाळेच्या फाटकापाशी

भात हे ज्या भागाचे मुख्य अन्न आहे, तेथे मुलांच्या आहारात पिष्टमय पदार्थांची वाण नसते, उणीव भासते ती प्रथिनांची. प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण योजनेत प्राथमिक शाळेतील मुलासाठी ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनांचे जेवण ठरविलेले आहे. तळलेल्या कापांतून तेवढेच उष्मांक मिळवायचे तर साधारण १४५ ग्रॅम काप खावे लागतील आणि प्रथिने मिळतील जेमतेम ५ ग्रॅम. पोट भरेल, पण वाढीला लागणारे साहित्य निम्म्याहून कमी पडेल. भट्टीत भाजून तेल वाचविले, तरी हा हिशेब थोडाच सुधारतो. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांत मात्र सात ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात.

स्निग्धांश, मीठ वा साखर अधिक असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि आवाराभोवती ५० मीटरपर्यंत विकले जाऊ नयेत, अशी तरतूद अन्नसुरक्षेच्या २०२० च्या विनियमांत आहे. मुख्याध्यापकांनी आणि ग्रामपंचायतींनी ती माहीत करून घेतली पाहिजे.

यात्रेच्या नियोजनात याहून निकडीची बाब तेलाची आहे. एकच कढई दिवसभर तापत राहिली, की तेलाचे विघटन होते. तळणाच्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेल्यास ते तेल वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. हे प्रमाण मोजण्याचे हाती धरता येईल असे उपकरण मिळते. ते नसेल तेथे तेल काळसर होणे, फेस येणे, घट्ट होणे आणि नेहमीपेक्षा लवकर धूर सुटणे या खुणांवर भिस्त ठेवावी लागते. असे तेल ओतून द्यावयाचे ते दुकानामागच्या खड्ड्यात. नदीच्या पात्रात नव्हे.