१६०० मीटरची सरासरी ५.०३ की ५.१३? एक्सेल शीटमधल्या टिंबाची गोष्ट

पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आमगाव, देवरी, सडक अर्जुनीकडच्या रस्त्यांवर पहाटेच धावताना दिसतात. वेळ मोबाईलवर लावली जाते आणि एक्सेल किंवा गुगल शीटमध्ये नोंदली जाते. नोंद अशी असते: ४.५८, ५.१४, ५.२२, ५.१८. खाली सरासरीचे सूत्र टाकले की उत्तर येते ५.०३.

पुरुष उमेदवाराने १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत किंवा त्याआधी पूर्ण केले तर २० पैकी २० गुण मिळतात. त्यापुढे ५ मिनिटे ३० सेकंदांपर्यंत १८. म्हणजे हा मुलगा पूर्ण गुणांत बसला, असे शीट सांगते. प्रत्यक्षात चारही वेळा सेकंदांत मांडा: २९८, ३१४, ३२२, ३१८. बेरीज १२५२, सरासरी ३१३ सेकंद, म्हणजे ५ मिनिटे १३ सेकंद. गुण १८. मैदानी चाचणी एकूण ५० गुणांची असते आणि गुणवत्ता यादी एकेका गुणावर हलते. भरतीत अर्थातच एकच धाव मोजतात, सरासरी नाही. पण आणखी किती जोर लावायचा, हे मुलगा याच आकड्यावरून ठरवतो.

चूक कुठे होते?

क्रिकेट बघणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ३.४ आणि २.५ षटकांची बेरीज ५.९ होत नाही, ६.३ होते. कारण टिंबानंतर सहाच चेंडू. धावण्याच्या वेळेत टिंबानंतर साठ सेकंद असतात, शीट मात्र शंभर धरते. त्यातच ५.१० लिहिले की शीट शेवटचे शून्य गाळून ५.१ दाखवते. मग ते दहा सेकंद की एक?

मग लिहायचे कसे?

सोपा मार्ग दोन रकान्यांचा: एकात मिनिटे, दुसऱ्यात सेकंद. तिसऱ्या रकान्यात मिनिटांना ६० ने गुणून सेकंद मिळवा आणि सरासरी त्याच रकान्याची काढा. वेळेच्या स्वरूपातच लिहायचे असेल तर ०:०५:१० असे लिहा. नुसते ५:१० लिहिले तर शीट ते पाच तास दहा मिनिटे समजते.

यो-यो चाचणीत घोळ वेगळा

क्रिकेटपटूंच्या यो-यो चाचणीत टिंबाआधी वेगाची पातळी, नंतर त्या पातळीतली फेरी. या टप्प्यावर एका पातळीत आठच फेऱ्या असतात, म्हणून १६.८ नंतर थेट १७.१ येते. विराट कोहलीने २०२३ मध्ये १७.२ गाठले. तेव्हा निकष १६.५ होता. फरक ०.७ दिसतो, पण तो पाच फेऱ्यांचा आहे. एक फेरी ४० मीटरची, म्हणजे २०० मीटर.

एखाद्या खेळाडूने एकदा १६.६ आणि नंतर १७.२ केले, तर शीट सरासरी १६.९ दाखवेल. अशी फेरी चाचणीत नाहीच. इथे अंतर धरा: १३२० आणि १४८० मीटर. सरासरी १४०० मीटर, म्हणजे १६.८.