‘अबॉलिश’ कशाला म्हणायचे?

प्रथा, पद्धत, संस्था किंवा हक्क कायमचा मोडीत काढणे म्हणजे ‘अबॉलिश’ करणे. लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेले हे क्रियापद माणसासाठी किंवा वस्तूसाठी वापरत नाहीत. तिकीट ‘कॅन्सल’ होते, कायदा ‘रिपील’ होतो, गुलामगिरी मात्र ‘अबॉलिश’ होते. ब्रिटिश संसदेचा १८३३चा कायदा आणि अमेरिकेची १८६५ची तेरावी घटनादुरुस्ती यांमुळे या शब्दाला मोठे नैतिक वजन आले. त्या अमेरिकी लढ्याची दखल घेत जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले.

आपल्या संविधानाचा अनुच्छेद १७ या दृष्टीने बारकाईने वाचावा. तिथे एक नव्हे, दोन क्रियापदे आहेत. अस्पृश्यता ‘अबॉलिश’ केली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण ‘फॉरबिड’, म्हणजे निषिद्ध केले आहे. पहिले क्रियापद प्रथेचे कायदेशीर अस्तित्व संपवते, दुसरे ती पाळणाऱ्याचा हात धरते. रूढी नुसत्या घोषणेने मरत नाही, ही जाण या मांडणीत मला दिसते.

‘अबॉलिश’ हा शब्द पुढे इतर कायद्यांतही आला. मुंबई राज्यात खोती (खोतांमार्फत जमीनमहसूल गोळा करण्याची पद्धत) १९४९च्या आणि महार वतने (गावकामाच्या बदल्यात मिळणारे वंशपरंपरागत हक्क) १९५८च्या कायद्याने संपवली गेली. दोन्ही कायद्यांच्या इंग्रजी नावांत ‘अबॉलिशन’ आहे. अनुच्छेद १७मधल्या दुसऱ्या क्रियापदाला धरून अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा केंद्रीय कायदा १९५५ साली आला. १९७६पासून तो नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणून ओळखला जातो.