अरे-बुरे-बोके

अरे-बुरे-बोके ही १९६० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये उदयास आलेली कृष्णधवल छायाचित्रणाची एक शैली आहे. या तीन जपानी शब्दांचे अर्थ अनुक्रमे 'खरखरीत', 'हललेले' आणि 'फोकस नसलेले' असे आहेत. मराठी शब्दांशी असलेले त्यांचे उच्चारसाम्य केवळ योगायोगाचे आहे. ठळक कण, गडद काळा आणि कोरा पांढरा यांतील तीव्र भेद, तसेच अस्पष्ट आकृत्या ही या शैलीची लक्षणे होत. तोक्यो शहरातील रस्ते, स्थानके, जाहिराती आणि रात्रीची वस्ती हे तिचे प्रमुख विषय होते. दाइदो मोरियामा आणि ताकुमा नाकाहिरा हे तिचे सर्वांत परिचित प्रतिनिधी मानले जातात.

पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत जपानमधील शहरे झपाट्याने वाढली. याच काळात अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध आंदोलने झाली आणि १९६८-६९ मध्ये विद्यार्थी चळवळीने उग्र रूप धारण केले. वृत्तपत्रे व सचित्र नियतकालिके या घटनांची सुस्पष्ट, मथळ्यांनी अर्थ ठरवून दिलेली छायाचित्रे छापत होती. अशी छायाचित्रे वास्तव दाखवण्याऐवजी आधीच ठरलेला अर्थ वाचकापर्यंत पोहोचवतात, असे काही तरुण छायाचित्रकारांना वाटू लागले.

शैलीच्या दृष्टीने त्यांच्यासमोर अमेरिकी छायाचित्रकार विल्यम क्लाइन यांचे उदाहरण होते. क्लाइन यांचे न्यू यॉर्क शहरावरील पुस्तक १९५६ मध्ये पॅरिसमध्ये प्रकाशित झाले. त्यातील कणीदार, हललेली आणि अतिशय जवळून घेतलेली छायाचित्रे तत्कालीन व्यावसायिक निकषांनुसार सदोष ठरणारी होती.

'प्रोव्होक' नियतकालिक

नोव्हेंबर १९६८ मध्ये नाकाहिरा, समीक्षक कोजी ताकी, छायाचित्रकार युताका ताकानाशी आणि कवी ताकाहिको ओकादा यांनी 'प्रोव्होक' हे नियतकालिक सुरू केले. दुसऱ्या अंकापासून मोरियामा त्यात सहभागी झाले. १९६९ पर्यंत त्याचे तीनच अंक निघाले आणि १९७० मध्ये एका पुस्तकाच्या प्रकाशनानंतर हा गट विसर्जित झाला. उपलब्ध भाषेच्या चिमटीत न येणारे वास्तवाचे तुकडे कॅमेऱ्याने टिपावेत, ही त्यांची भूमिका होती. त्यामुळे अस्पष्टता हा दोष न राहता छायाचित्राच्या विश्वासार्हतेबद्दल उपस्थित केलेला प्रश्न बनला.

प्रक्रिया

या शैलीतील परिणाम अंशतः कॅमेऱ्यात आणि अंशतः डार्करूममध्ये साधला जात असे. कॅमेरा डोळ्याला न लावता, चालता चालता छायाचित्रे घेतल्याने चौकट तिरकी होई आणि आकृत्या हलत.

पुढचा टप्पा फिल्म धुण्याचा होता. ४०० संवेदनक्षमतेची फिल्म १६०० ची आहे असे मानून वापरल्यास तिला नेहमीच्या केवळ एक चतुर्थांश प्रकाश मिळतो. ही उणीव भरून काढण्यासाठी फिल्म डेव्हलपरमध्ये अधिक वेळ किंवा अधिक तापमानात ठेवली जाते. मात्र सावलीच्या ज्या भागांवर पुरेसा प्रकाश पडलेलाच नसतो, तेथील तपशील वाढीव धुलाईनेही परत येत नाही. उजळ भाग मात्र निगेटिव्हवर अधिकाधिक दाट होत जातात. परिणामी दोन्हींमधील अंतर वाढते आणि चांदीच्या कणांचे पुंजके ठळक होतात. ३६ × २४ मिलिमीटरची छोटी चौकट मोठी करून छापली की हे पुंजके डोळ्यांना स्पष्ट दिसतात.

अखेरचा टप्पा छपाईचा होता. छपाईचे कागद कॉन्ट्रास्टनुसार साधारणतः ० ते ५ अशा श्रेणींत मिळतात. वरच्या श्रेणीच्या, म्हणजे 'कठीण' कागदावर मधल्या करड्या छटा जवळजवळ नाहीशा होतात. छापताना काही भागांवर जादा प्रकाश देऊन ते अधिक काळे करता येतात, तर काही भाग हाताने झाकून उजळ ठेवता येतात. थोडक्यात, नाट्यमय कृष्णधवल छायाचित्र केवळ रंग काढून टाकल्याने तयार होत नाही. कोणता तपशील गमवायचा, याच्या निवडीतून ते घडते.

टोकाचे प्रयोग आणि आत्मपरीक्षण

मोरियामा यांनी १९७२ मध्ये प्रकाशित केलेल्या 'छायाचित्रणा, निरोप' अशा अर्थाच्या शीर्षकाच्या पुस्तकात ही प्रक्रिया टोकाला नेली. टाकून दिलेल्या निगेटिव्ह, ओरखडे, धूळ आणि फिल्मच्या कडा यांचा त्यात वापर असल्यामुळे अनेक पानांवर विषय ओळखणेही कठीण जाते.

दरम्यान ही शैली लोकप्रिय झाली होती. प्रस्थापित प्रतिमांना विरोध म्हणून आलेली धूसरता जाहिरातींतही दिसू लागली. जपानच्या राष्ट्रीय रेल्वेने १९७० मध्ये सुरू केलेल्या पर्यटन मोहिमेतही अस्पष्ट छायाचित्रांचा वापर झाला. यामुळे या शैलीवर 'तयार साचा' बनल्याची टीका होऊ लागली.

सर्वांत कठोर टीका नाकाहिरा यांनीच केली. १९७० मध्ये 'येणाऱ्या भाषेसाठी' या अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे छायाचित्रसंग्रहाचे पुस्तक या शैलीचा उत्कृष्ट नमुना मानले जाते. मात्र १९७३ मधील निबंधसंग्रहात त्यांनी आपल्या या कामाचा त्याग केला. कृष्णधवल छायाचित्रात डार्करूममधील 'हाताचा ठसा' उरतो आणि शहरावर छायाचित्रकाराची मनःस्थिती लादली जाते, असा त्यांचा आक्षेप होता. वनस्पतींच्या सचित्र कोशातील चित्राप्रमाणे वस्तू स्वच्छ, दिवसाच्या उजेडात आणि रंगीत दिसावी, असे त्यांनी सुचवले आणि आपल्या बऱ्याचशा जुन्या निगेटिव्ह जाळून टाकल्या. १९७७ मध्ये गंभीर आजारामुळे त्यांच्या स्मृतीवर परिणाम झाला. उत्तरायुष्यात त्यांनी प्रामुख्याने सुस्पष्ट रंगीत छायाचित्रे घेतली. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

वारसा

मोरियामा यांनी पुढेही शहरातील भटकंती आणि तीव्र कॉन्ट्रास्टची छपाई सुरू ठेवली. नंतरच्या काळात त्यांनी छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचाही वापर केला. २०१२-१३ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या संग्रहालयात क्लाइन आणि मोरियामा यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. २०१९ मध्ये मोरियामा यांना हॅसलब्लाड पुरस्कार देण्यात आला.

डिजिटल छायाचित्रणात लाल, हिरव्या आणि निळ्या घटकांचे प्रमाण बदलून, छटांचा आलेख तीव्र करून आणि कृत्रिम कण मिसळून असाच परिणाम साधता येतो. लाल घटकाला अधिक वजन दिल्यास निळे आकाश गडद होते. फिल्मवर मात्र बहुतेक निर्णय मागे घेता येत नसत. डिजिटल मूळ फाइल जपून ठेवल्यास प्रत्येक बदल रद्द करता येतो. आज अनेक भ्रमणध्वनींमध्ये हा परिणाम एका स्पर्शात उपलब्ध असल्यामुळे, तो विषयाची गरज म्हणून वापरला आहे की केवळ सजावट म्हणून, हा नाकाहिरा यांनी उपस्थित केलेला प्रश्न शहरछायाचित्रणाच्या अभ्यासात अजूनही चर्चिला जातो.