घरं बिल्डरची, मंजुरी शहराची, मग शाळेचा खर्च कोणाचा?

पेट झाल्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण विचारतात, "प्रश्न नीट मांडलाय हे कसं ओळखायचं?" आज माझीच एक चूक सांगते. उदाहरण कॅलिफोर्नियाचं आहे, कारण माझ्या प्रबंधातलं तुलनेचं प्रकरण त्यावरच आहे.

समजा, एका शहराच्या कडेला ५०० नवीन घरं होणार आहेत. त्यांना रस्ते, पाणी, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि शाळा लागणार. आपल्याकडे महापालिका बांधकामाला परवानगीही देते आणि शाळाही चालवते. कॅलिफोर्नियात बहुतेक ठिकाणी तसं नाही. तिथे स्कूल डिस्ट्रिक्ट ही शहरापासून वेगळी, निवडून आलेल्या मंडळाची संस्था असते. म्हणजे घरांना मंजुरी देणार शहर, घरं विकणार बिल्डर, आणि मुलांना वर्गात जागा द्यायची जबाबदारी तिसऱ्याचीच!

हा पेच १९७८ नंतर जास्त घट्ट झाला. त्या वर्षी मतदारांनी 'प्रपोझिशन १३' मंजूर केलं. मालमत्ता कराचा मूळ दर १ टक्क्यावर अडकला आणि करासाठी धरलेलं मूल्य घर विकेपर्यंत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढू लागलं. परिणामी एकाच गल्लीतल्या दोन सारख्या घरांचा कर खूप वेगळा असू शकतो. जुन्या मालकाला कमी, नुकतं घर घेतलेल्याला जास्त. आणि नव्या सुविधांसाठी पैसे दुसरीकडून शोधणं भाग पडलं.

शाळांसाठी मुख्यतः चार वाटा आहेत.

पहिली, बिल्डरकडून शुल्क. १९८६ पासून स्कूल डिस्ट्रिक्ट नव्या बांधकामावर चौरस फुटामागे शुल्क लावू शकतात आणि ते भरल्याशिवाय शहर बांधकाम परवाना देत नाही. २०२४ मध्ये घरांसाठी त्याची मूळ कमाल मर्यादा ५.१७ डॉलर होती.

दुसरी, मेलो-रूस. १९८२ च्या या कायद्याने ठरावीक भागापुरता विशेष कर लावून रोखे काढता येतात. त्याला दोन-तृतीयांश मतं लागतात. पण त्या जागेवर १२ पेक्षा कमी मतदार राहत असतील तर मत जमीनमालकाचं, एकरामागे एक. मोकळ्या जमिनीवर मालक बहुधा बिल्डरच. तो मत देतो आणि कर पुढे वर्षानुवर्षं घर घेणारा भरतो. तिकडे नवं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनाही कराच्या बिलावर ही वेगळी ओळ दिसू शकते.

तिसरी, स्थानिक रोखे. २००० पासून शाळांच्या रोख्यांना ५५ टक्के मतं पुरतात. हे पैसे डिस्ट्रिक्टमधले जुने-नवे सगळे मालक फेडतात.

चौथी, राज्याचा वाटा. १९९८ च्या कायद्याने नव्या शाळेच्या पात्र खर्चातला साधारण अर्धा वाटा राज्याने उचलायचं ठरलं. पण त्याच कायद्यात एक अट आहे: बिल्डरने ठरलेलं शुल्क भरलं की शाळा अपुऱ्या आहेत या कारणावरून शहराला प्रकल्प नाकारता येत नाही.

आता हिशोब करू. २००० चौरस फुटांची ५०० घरं, ५.१७ च्या दराने, म्हणजे ५१.७ लाख डॉलर. नवीन प्राथमिक शाळेला काही कोटी डॉलर लागतात. राज्याच्या रोख्यांचे पैसे संपलेले असतील तर मुलं येतात, इमारत येत नाही. मग मैदानावर तात्पुरत्या खोल्या उभ्या राहतात.

माझी चूक इथेच झाली. मी तीन रकाने केले: शहर, बिल्डर, स्कूल डिस्ट्रिक्ट. कोण किती टक्के देतं ते भरलं आणि खूश झाले. गाइडनी एकच विचारलं, "चेक कोणाचा ते कळलं. खिसा कोणाचा?"

बिल्डर ते शुल्क घराच्या किमतीत घालू शकतो, नाहीतर जमीनमालकाला कमी भाव देऊ शकतो, किंवा स्वतःचा नफा कमी करू शकतो. यातलं काय होईल हे त्या भागात घरांना मागणी किती आणि पर्याय किती यावर ठरतं. माझ्या तक्त्यात घर घेणाराही नव्हता आणि जमीनमालकही नव्हता. मी हिशोब तपासला, पण व्यवस्थेची सीमाच चुकीची आखली होती. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही चूक लगेच कळायला हवी होती, नाही का?

हे फक्त प्रबंधापुरतं नाही. शीट्झ नावाच्या रहिवाशाला एल डोराडो काउंटीने स्वतःच्या जागेत घर बसवण्यासाठी २३,४२० डॉलर वाहतूक शुल्क लावलं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कायदेमंडळाने ठरवलेलं शुल्कही घटनात्मक कसोटीतून सुटत नाही. ती कसोटी अशी: शुल्काचा प्रकल्पाच्या परिणामाशी संबंध आणि प्रमाण असायला हवं. त्या शुल्काचा अंतिम निकाल तेव्हा लागला नाही, पण 'एका घरामुळे नेमका किती भार वाढतो' हे मोजणाऱ्याचं काम महत्त्वाचं झालं.

म्हणून खर्चवाटपाचा कुठलाही विषय घेतलात तर आधी चार गोष्टी लिहून काढा: निर्णय कोणाचा, पैसे भरतो कोण, शेवटी झळ कोणाला, आणि सुविधा केव्हा मिळते. चारही ठिकाणी एकच नाव येत असेल तर पुन्हा तपासा. वेगवेगळी नावं आली, तर तुमचा संशोधनप्रश्न त्या फरकातच सापडेल.