तहानलेले केस

हल्याळ व यल्लापूरकडच्या रानांतील सिद्दी कुटुंबे बेळगाव किंवा गोव्याकडील आमच्या वाचकांस अपरिचित नाहीत. पोर्तुगीज अमदानीत आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांचे ते वंशज होत, आणि त्यांतील कित्येक आपलेच धर्मबंधू आहेत. त्यांच्या लेकरांच्या आखूड, दाट कुरळ्या केसांस आपण सहज ‘राठ’ म्हणून मोकळे होतो. लहानपणी आम्हीही म्हटले आहे. वस्तुतः ते केस राठ नव्हेत, तहानलेले आहेत.

सरळ केसाचे मूळ त्वचेत सरळ रोवलेले असते. आफ्रिकी वंशाच्या केसाचे मूळ वाकडे आणि त्याचा छेद चपटा लंबगोल. म्हणून तो उगवतानाच वळसे घेत येतो. टाळूतून पाझरणारे स्निग्ध द्रव्य सरळ केसावरून सहज खाली उतरते, पण ह्या वळणांवरून ते टोकापर्यंत पोहोचत नाही. शेंडे कोरडे राहतात, आणि कोरड्या केसावर फणी ओढली की तो वळणाशी तुटतो. ‘ह्यांचे केस वाढतच नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. केस वाढतात, पण तुटतात.

ह्याच केसांपायी माणसांनी काय काय सोसले! दक्षिण आफ्रिकेत १९५० च्या कायद्याने प्रत्येकाची वंशवार नोंद सुरू झाली. संशय आला म्हणजे केसांत पेन्सिल खोवून पाहत. ती गळून पडली तर मनुष्य गोरा, अडकून राहिली तर नव्हे! एकाच घरची माणसे अशाने निरनिराळ्या वर्गांत पडली. अमेरिकेत कृष्णवर्णीय स्त्रिया तापविलेल्या लोखंडी फणीने व दाहक रसायनांनी केस सरळ करीत, कारण त्याविना नोकरी मिळणे कठीण. १९६३ साली सिसिली टायसन ही अभिनेत्री दूरचित्रवाणीच्या एका मालिकेत आपले आखूड नैसर्गिक केस तसेच ठेवून दिसू लागली, तेव्हा ते एक नवलच ठरले. केसांच्या ठेवणीवरून शाळेत वा कामावर भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली केला. अमेरिकेतील तसा तो पहिलाच. पुढे २०२२ साली ३३,४९७ स्त्रियांच्या पाहणीत, केस सरळ करणारी द्रव्ये वारंवार वापरणे व गर्भाशयाचा कर्करोग ह्यांत संबंध आढळला.

आता निगेविषयी. हे केस रोज धुवू नयेत. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा पुरे. विंचरावयाचे ते ओले असतानाच, रुंद दातांच्या फणीने किंवा नुसत्या बोटांनी. थोडथोडे केस वेगळे घ्यावेत आणि शेंड्याकडून आरंभ करून मुळाकडे यावे. आपल्या बायका सवयीने मुळापासून फणी ओढतात. येथे तसे केले तर पोर रडणारच. आधी पाणी, मग तेल, हा क्रम मोडू नये, कारण तेलाचे काम पाणी आत कोंडून ठेवण्याचे. पश्चिम आफ्रिकेत ह्यासाठी शियाच्या बियांचे लोणी वापरतात. आपल्याकडे खोबरेल आहेच, आणि ते केसाच्या आतही मुरते.

आखूड केस शोभत नाहीत, असे कोण म्हणतो? ओल्या केसांची एकेक बट बोटाभोवती गुंडाळून वाळू दिली की सुबक वेटोळी उठतात. दोन बटांचा पीळ घालून रात्रभर ठेवावा व सकाळी हलक्या हाताने सोडवावा, म्हणजे निराळीच लहर येते. मात्र पीळ किंवा वेणी घट्ट ओढू नये. कानशिलावरचे केस त्याने कायमचे जातात, आणि हे पुष्कळ आयांच्या ध्यानी फार उशिरा येते.

निजताना डोके सुती कापडावर ठेवले तर तेल सगळे कापडच पिते. म्हणून तिकडील घरांत साटीनचे फडके डोक्यास बांधून निजतात. साटीन नसले तर जुन्या रेशमी लुगड्याचा तुकडाही चालतो.