काटा अडतो तेव्हा

वजन कमी करण्यासाठी बॅरिएट्रिक सर्जरी करून घरी आलेल्या माणसाला पहिले दोन-अडीच आठवडे वजनकाट्यावर उभं राहायला फार आवडतं. रोज सकाळी थोडं थोडं वजन उतरलेलं दिसतं. मग साधारण तिसऱ्या आठवड्याच्या आसपास काटा अडतो. आठवडा जातो, दहा दिवस जातात, आकडा तोच. कधी कधी तर किलोभर वरच सरकतो. घरात कुजबुज सुरू होते : ‘एवढे पैसे घातले, ऑपरेशन फेल गेलं की काय?’ अकलूजसारख्या गावात ही कुजबुज उंबऱ्याच्या आत फार दिवस राहत नाही. ऑपरेशन पुण्यात किंवा सोलापुरात झालेलं असलं तरी त्याची खबर अख्ख्या गल्लीला असते, आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, ‘किती किलो उतरलं?’

ऑपरेशन फेल गेलेलं नसतं. आपलं शरीर यकृतात आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा ठेवतं. मोठ्या माणसात तो साधारण चार-पाचशे ग्रॅम असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी असतं. ऑपरेशननंतर खाणं काही घोटांवर येतं, तेव्हा शरीर आधी हा साठा मोडतं आणि त्यातलं पाणी लघवीवाटे निघून जातं. पहिल्या दिवसांतला झपाटा बराचसा या पाण्याचा असतो. पुढे पातळावरून मऊ भात, वरण, उकडलेलं अंडं असं खाणं सुरू झालं की साठा थोडा भरतो आणि पाणी परत येतं. चरबी तेव्हाही जळतच असते. पण जेवढी चरबी उतरते तेवढंच पाणी चढतं आणि काटा दोघांची बेरीज दाखवतो. डॉक्टरांनी दिलेला आहार नीट चालू असेल, तर या थांब्यावर वेगळं काही करायचं नसतं. एक ते तीन आठवड्यांत काटा बहुतेकांचा पुन्हा उतरू लागतो.

सहा महिन्यांनंतर येणारा थांबा वेगळा. तिथे हिशेब बदललेला असतो. शरीराला नुसतं पडून राहायलाही ऊर्जा लागते, आणि आहारतज्ज्ञ वापरतात त्या मिफ्लिन सूत्रानुसार दहा किलो वजनामागे ती दिवसाला साधारण शंभर कॅलरींनी बदलते. १२५ किलोचा माणूस ९५ किलोवर आला की त्याची गरज रोज तीनशे कॅलरींनी घटते. तोच रस्ता चालायलाही आता कमी ऊर्जा लागते, कारण वाहून न्यायचं ओझं कमी झालं. त्यातच पोटाची पिशवी सहा महिन्यांत थोडी सैलावते आणि चार घासांच्या जागी आठ घास जातात. आवक थोडी वाढली, खर्च बराच घटला. दोन्ही जिथे एकमेकांना गाठतात, तिथे वजन थांबतं.

‘स्लीव्ह’ या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होतं. म्हणून पहिल्या वर्षात अनेकांना भूक फारशी जाणवतच नाही. पुढे ती हळूहळू परत येते. माणसाला वाटतं, आपला निग्रह संपला. खरं तर शरीर घटलेलं वजन परत मिळवायचा प्रयत्न करत असतं, आणि या शस्त्रक्रियेचं मोठं काम असं की ती त्या प्रयत्नाला बराच काळ लगाम घालते. ज्याला जन्मभर ‘तोंडावर ताबा नाही’ असं ऐकवलं गेलं, त्याला हे नीट समजावून सांगायला हवं. ते सांगणारं माणूस फार कमी जणांना भेटतं, याचं मला वाईट वाटतं.

आपल्याकडे या शस्त्रक्रियेची ओळखच किलोंच्या भाषेत झाली. २०१७ साली इजिप्तहून इमान अहमद ही जवळपास पाचशे किलो वजनाची स्त्री मुंबईच्या सैफी रुग्णालयात आली, तेव्हा रोजच्या बातम्यांत आकडे होते. तिला पक्षाघात होऊन गेला होता, मूत्रपिंडांचा त्रास होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अबू धाबीत ती वारली. तिच्या आजारांची गुंतागुंत वाचकांपर्यंत कमी पोचली, आकडेच लक्षात राहिले.

काटा काय सांगत नाही, ते पुण्याच्या एका डॉक्टरांनी फार चांगलं दाखवलंय. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. सडपातळ दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगातही चरबी दडलेली असते, हा याज्ञिकांच्या या संशोधनाचा गाभा. म्हणून काटा अडला की शिवणकामाची टेप काढावी. बेंबीच्या पातळीवर कंबर मोजून वहीत लिहावी, महिन्यातून एकदा. किलो तेच आणि कंबर दोन सेंटिमीटरने कमी, असं दिसलं तर चरबी जातेय. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि स्त्रीची ८०च्या आत असावी, असं डॉक्टर सांगतात. काट्यावरही आठवड्यातून एकदाच उभं राहावं.

कंबरही महिनाभर हलली नाही, तर ताटाकडे आणि त्याहून आधी पेल्याकडे बघावं. अकलूज उसाचा गाव. यशवंतनगरचा साखर कारखाना, नीरेकाठचे मळे, गुऱ्हाळं, रसवंत्या. इथे पाहुण्याला बिनसाखरेचा चहा देणं यजमानाच्या जिवावर येतं. चहाच्या एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे तीस-चाळीस कॅलरी. दूध वेगळं. कार्यकर्ता असेल, दुकानदार असेल, दिवसाला आठ-दहा कप सहज होतात. उसाच्या रसाच्या एका मोठ्या पेल्यात सात-आठ चमचे साखर असते. ऑपरेशन घन अन्नाला अडवतं. पातळ पदार्थ मात्र लहान पोटातून सरळ खाली उतरतात, पोट भरल्याची खूणही मिळत नाही. ‘गॅस्ट्रिक बायपास’ ही दुसऱ्या प्रकारची बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया झालेल्याने गोड रस प्यायला तर धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब असा ‘डम्पिंग’चा त्रास होऊ शकतो. स्लीव्हवाल्याला हा त्रास सहसा कमी होतो, त्यामुळे तोच जास्त फसतो.

बिस्किटं, खारी यांचंही तसंच. चहात बुडवली की विरघळतात आणि जागा न घेता जातात. आपली शेंगाचटणी उत्तम, पण दोन मोठे चमचे म्हणजे शंभराच्या वर कॅलरी, तेल ओतायच्या आधी. जेवताना पाणी प्यायलं तर अन्न लवकर सरकतं. म्हणून पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने.

ताटात पहिला घास प्रथिनांचा हवा. रोज साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं सांगितलेली असतात. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनमधून पंचवीसच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमधून अठराएक. शाकाहारी माणसाला घट्ट दही, मोडाची मटकी, हुलग्याचं माडगं, पनीर यांवर भर द्यावा लागतो आणि तरी कमी पडतं, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली पावडर घ्यायला लाज वाटू देऊ नये. ज्यांना ज्वारीची भाकरी म्हणजे जीव की प्राण, त्यांनी ती शेवटी, पोटात जागा उरली तर, पाव भाकरी अशी खावी. प्रथिनं कमी पडली की शरीर स्नायू मोडतं, आणि स्नायू गेले की ऊर्जेचा खर्च आणखी घटतो.

म्हणूनच काटा अडल्यावर घाबरून उपास धरणं ही सगळ्यात वाईट वाट. आषाढात तुकोबांची पालखी गावात येते, माने विद्यालयाच्या मैदानावर रिंगण होतं, पुढे एकादशीला घरोघरी उपास. त्या दिवशी साबुदाणा आणि शेंगदाण्याचा कूट प्रथिनांपेक्षा पिष्ट आणि तेलच जास्त देतो. सासूबाईंचं मन मोडवत नसेल तर दही, ताक, पनीर यांवर उपास निभवता येतो. चालणं चांगलंच. पण आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंवर ताण देणारा व्यायामही हवा : खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीला रेटून दंड, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलणं.

आणि सगळ्यात जास्त निसटतो तो फेरतपासणीचा दिवस. पुणं एसटीने चार-पाच तास. ऊसतोड चालू, लग्नसराई, मुलांच्या परीक्षा. एक तारीख चुकली की दुसरी चुकते आणि काटा अडल्यावर तर ‘आता डॉक्टर रागावतील’ म्हणून जाणंच बंद होतं. थांब्याच्याच वेळी जायला हवं. थायरॉइड बिघडलाय का, मानसिक आजाराच्या किंवा मधुमेहाच्या एखाद्या औषधाने वजन धरलंय का, झोपेत घोरणं परत सुरू झालंय का, हे तिथेच कळतं. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व जन्मभर घ्यायचं असतं, वजन उतरो न उतरो. मिश्री, तंबाखू, बिडी सोडायची आणि गुडघेदुखीच्या गोळ्या दुकानातून परस्पर घ्यायच्या नाहीत, विशेषतः बायपासनंतर. या सगळ्यांनी जठराला जखम होऊ शकते.

शेवट कुठे होतो? स्वीडनमध्ये १९८७ला सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं आणि दहा वर्षांनी मूळ वजनापेक्षा २५ टक्के कमी असं स्थिरावलं. शस्त्रक्रिया झालेल्यांमधलं मृत्यूचं प्रमाणही कमी राहिलं. म्हणजे वर्ष-दीड वर्षानंतर येणारा थांबा हे बहुतेकांचं मुक्कामाचं ठिकाण असतं आणि तिथून थोडं वजन वाढणंही अपेक्षित असतं. रक्तातली साखर, रक्तदाब, गुडघे, रात्रीची झोप सुधारली असेल तर तोही ऑपरेशनचाच परिणाम. वजन खूप परत आलं तर सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइडसारखी इंजेक्शनं आता भारतातही मिळतात, काहींना दुसरी शस्त्रक्रियाही करतात. ते ठरवायचं सर्जनने आणि आहारतज्ज्ञाने मिळून.

एका गोष्टीत मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. सतत उलट्या होत असतील, पाण्याचा घोटही टिकत नसेल, चालताना तोल जात असेल, एकाचं दोन दिसत असेल, तर ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, संपत आलेलं असू शकतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशा वेळी अकलूजमधल्याच जवळच्या दवाखान्यात त्याच दिवशी जावं, बॅरिएट्रिक सर्जरी झाली आहे हे आधी सांगावं, उलट्या किती दिवस चालू आहेत ते सांगावं, आणि सलाइन लावण्याआधी थायमिनचं इंजेक्शन हवंय का, हे विचारावं.